बेपत्ता झालेला शास्त्रज्ञ : ब्रूनो पाँटेकोर्व्हो

आपल्या फिजिक्सच्या पुस्तकात न्यूट्रिनोच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. पण आयुष्यभर त्याच्या मागे लागलेल्या ब्रूनो पाँटेकोर्व्होची गोष्ट मात्र पिक्चरला लाजवेल अशी आहे.

ब्रूनोचा जन्म २२ ऑगस्ट १९१३ चा. इटलीत, पिसाजवळ, एका ज्यू कुटुंबातला. रोममधल्या एन्रिको फर्मीच्या गँगमधलं हे शेंडेफळ! १९३६ साली तो पॅरिसला गेला. पुढे इटलीत ज्यूंविरुद्ध कायदे झाले आणि परतीची वाट बंद झाली. १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या दाराशी आल्या, तेव्हा हा पठ्ठ्या चक्क सायकलवरून निसटला. अमेरिकेत पोचून त्याने तेलविहिरी तपासणाऱ्या कंपनीत नोकरी धरली.

न्यूट्रिनो कशातूनही आरपार जातो, मग पकडायचा कसा? कॅनडात असताना, १९४६ साली, ब्रूनोने उपाय सुचवला : क्लोरीनचा मोठा साठा ठेवा, न्यूट्रिनो धडकला की क्लोरीनच्या अणूचा आर्गॉन होतो, तो मोजा. याच मार्गाने रे डेव्हिसने सूर्याचे न्यूट्रिनो पकडले आणि २००२ चं नोबेल मिळवलं.

१९५० मध्ये सुट्टीवर गेलेला ब्रूनो बायको-मुलांसकट बेपत्ता झाला. १९५५ साली जगासमोर आला तो थेट सोव्हिएत रशियात! हेरगिरीचा संशय होता, पण तो कधीच सिद्ध झाला नाही. दुब्ना इथे काम करताना १९५७ साली त्याला सुचलं, की न्यूट्रिनो प्रवासात रूप पालटत असावा. कल्पना जबरदस्त, पण ती तपासायला लागणारी यंत्रं त्याच्या हाताशी नव्हती. पुढे पार्किन्सन्सने गाठलं. २४ सप्टेंबर १९९३ ला तो गेला. त्याची अर्धी रक्षा दुब्नात आहे, अर्धी रोममध्ये.

आता खरी इंजिनिअरिंगची गंमत. रूप बदललं हे सिद्ध कसं करणार? मेसची भाजी मंडईत तोलली आणि मेसच्या दारात पुन्हा तोलली, तरच वाटेत किती गळाली ते कळतं. तसंच इथे. जपानच्या टीटूके प्रयोगात न्यूट्रिनोंचा झोत जिथे तयार होतो, तिथून फक्त २८० मीटरवर 'निअर डिटेक्टर' आहे. निघताना कुठल्या प्रकारचे, किती आणि केवढ्या ऊर्जेचे न्यूट्रिनो होते, ते तो सांगतो. दुसरा डिटेक्टर २९५ किलोमीटरवर. झोताच्या हिशेबातल्या चुका दोन्हीकडे सारख्याच येतात, त्यामुळे तुलना करताना त्या बऱ्याच अंशी कटून जातात. जवळचं माप कच्चं असेल, तर लांबच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

न्यूट्रिनोच्या रूपबदलाला २०१५ चं नोबेल मिळालं. ब्रूनोला ते कधीच मिळालं नाही. पण या रूपबदलाचं गणित ज्या पीएमएनएस मॅट्रिक्सने करतात, त्यातला पहिला 'पी' पाँटेकोर्व्होचा आहे.