अवनींद्रनाथ टागोर : चित्रकाराने आत्मसात केलेले कथालेखन

१. प्रास्ताविक



कथेतील पात्रचित्रणाचा विचार करताना आपण ‘व्यक्तिचित्र’, ‘शब्दचित्र’, ‘स्वभावरेखाटन’ असे शब्द सहज वापरतो. हे सर्व शब्द चित्रकलेच्या दालनातून साहित्यात आले आहेत. या शब्दांमागे भाषेचा जुना अनुभव आहे. संस्कृतमधील ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ ओरखडा काढणे, रेघ ओढणे असा आहे. ‘लेखन’ हा शब्द त्याच धातूपासून बनला आणि चित्र या अर्थाचा ‘आलेख्य’ हा शब्दही त्यापासूनच बनला. म्हणजे रेघ ओढणारा आणि अक्षर लिहिणारा हे एकेकाळी भाषेच्या दृष्टीने फार दूर नव्हते.

या घटकात आपण अशा एका कलावंताचे चरित्र पाहणार आहोत, ज्याने ही दोन्ही कामे आयुष्यभर केली. अवनींद्रनाथ टागोर (१८७१–१९५१) हे आधुनिक भारतीय चित्रकलेचे एक प्रवर्तक म्हणून सर्वपरिचित आहेत. बंगाली वाचक मात्र त्यांना बालकथेचे थोर लेखक म्हणूनही ओळखतात. लेखनाचे त्यांचे शिक्षण कोणत्याही वर्गात झाले नाही. तुमच्यापैकी अनेकजण एखादा व्यवसाय सांभाळून या अभ्यासक्रमाकडे आला आहात. आपल्या हातात कसब आहे, पण ते भाषेचे नाही, अशी शंका तुमच्या मनात असेल, तर हे चरित्र तुम्ही विशेष लक्षपूर्वक वाचावे.

२. बालपण : कानाचे शिक्षण

अवनींद्रनाथांचा जन्म ७ ऑगस्ट १८७१ रोजी कोलकात्यातील जोडासांको येथील टागोर कुटुंबात झाला. त्यांचे वडील गुणेंद्रनाथ हे रवींद्रनाथांचे चुलतभाऊ. त्यामुळे रवींद्रनाथ हे अवनींद्रनाथांचे ‘रविकाका’ होत. काका-पुतण्यांच्या वयात अवघे दहा वर्षांचे अंतर होते. थोरले बंधू गगनेंद्रनाथ आणि भगिनी सुनयनी देवी हेही पुढे चित्रकार म्हणून नावारूपाला आले.

बालपणीच्या आठवणी सांगताना अवनींद्रनाथांनी शाळेतील एक प्रसंग नोंदवला आहे. इंग्रजी शिकवणारे शिक्षक ‘पुडिंग’ या शब्दाचा उच्चार ‘पाडिंग’ असा करीत. हा पदार्थ घरी खाल्ला जात असल्यामुळे त्याचे नाव या मुलाने नीट ऐकलेले होते. त्याने आपला उच्चार सोडला नाही आणि त्याबद्दल मार खाल्ला. परिणामी वडिलांनी त्याची शाळा थांबवली व शिक्षण घरी सुरू केले. प्रसंग लहान असला, तरी पुढील लेखकाचा स्वभाव त्यात दिसतो. कानाने ऐकलेल्या जिवंत शब्दावर त्याचा विश्वास होता. पद्मदासी नावाची दाई, घरातील नोकरमंडळी आणि स्त्रिया यांच्या बोलण्यातून त्याने जे ऐकले, ते त्याच्या गद्याचे पहिले भांडवल ठरले.

पुढे संस्कृत कॉलेजात त्यांनी काही वर्षे शिक्षण घेतले. कालिदासाचा परिचय तेथे अधिक दृढ झाला. मात्र ओढ चित्रांकडेच होती. ओलिंतो गिलार्डी या इटालियन चित्रकाराकडे आणि त्यानंतर चार्ल्स पामर या इंग्रज चित्रकाराकडे त्यांनी युरोपीय पद्धतीचे शिक्षण घेतले. रवींद्रनाथांच्या ‘चित्रांगदा’ या नाट्यकाव्यासाठी त्यांनी १८९२ साली चित्रे काढली, तेव्हा त्यांचे वय एकवीस वर्षे होते.

३. उसन्या पोशाखातील राधा

युरोपीय तंत्र हाताशी आल्यावर अवनींद्रनाथांनी वैष्णव पदावलीतील अभिसाराला निघालेली राधा चितारली. चित्र पूर्ण झाले आणि त्यांचे त्यांनाच ते खोटे वाटले. एखाद्या मडमेला साडी नेसवून थंडीच्या रात्री बाहेर सोडावे, तशी ती राधा दिसते, असे परखड परीक्षण त्यांनी स्वतःच केले.

या आत्मपरीक्षणाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. साडी बंगाली होती, विषय भारतीय होता आणि तंत्रात उणीव नव्हती. तरीही त्या स्त्रीचे उभे राहणे, तिची चाल, तिच्या अंगाची ठेवण ही दुसऱ्या परंपरेतून उचललेली होती. पात्राला नाव आणि वेश दिल्याने ते पात्र होत नाही, हा धडा अवनींद्रनाथ येथे शिकले. याच सुमारास जुन्या भारतीय लघुचित्रांचा एक संग्रह त्यांच्या पाहण्यात आला. त्यातून वाट शोधत त्यांनी कृष्णलीलेची चित्रमालिका नव्या रीतीने रंगवली.

४. बोलता तसे लिहावे

चित्रकलेतील हा शोध चालू असतानाच लेखनाची सुरुवात झाली. अवनींद्रनाथ मुलांना रंगवून गोष्टी सांगत. मुलांसाठी पुस्तके हवीत असे रवींद्रनाथांना वाटत होते. जशा गोष्टी तोंडाने सांगतोस तशाच लिहून काढ, असे त्यांनी पुतण्याला सुचवले. आपल्याला लिहिता येणार नाही, अशी अवनींद्रनाथांची खात्री होती. लिहून तर पाहा, चुकले तर मी आहेच, असा धीर काकांनी दिला.

या आग्रहातून ‘शकुंतला’ हे त्यांचे पहिले पुस्तक १८९५ साली प्रसिद्ध झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० सालच्या ‘संगीत शाकुंतल’मुळे मराठी रसिकांना ही कथा रंगभूमीवरून परिचित झाली होती. अवनींद्रनाथांनी ती मुलांसाठी बोलीच्या जवळ जाणाऱ्या छोट्या वाक्यांत सांगितली. तपोवनातील झाडे, पाणी, पक्षी आणि हरणे आधी डोळ्यांपुढे येतात, मग माणसे येतात आणि त्यानंतर प्रसंग घडतात. आधी पार्श्वभूमी आणि मग आकृती, हा चित्रकाराचा क्रम येथे कथनाचा क्रम झाला आहे.

हस्तलिखित रवींद्रनाथांनी आरंभापासून अखेरपर्यंत वाचले. ‘पल्वल’ म्हणजे डबके, हा एकच संस्कृत शब्द त्यात आला होता. तो खोडण्यासाठी त्यांची लेखणी थांबली. पण तो शब्द तसाच असू द्यावा असे त्यांनी ठरवले. भाषेच्या अभ्यासकाला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. संस्कृत शब्द आला म्हणून भाषा कृत्रिम होत नाही आणि देशी शब्द आला म्हणून ती आपोआप जिवंतही होत नाही. वाक्याची चाल सांगणाऱ्याची स्वतःची असेल, तर एखादा भारदस्त शब्दही तिच्यात सामावतो. राधेच्या चित्रात साडी अस्सल असूनही चाल परकी होती. ‘शकुंतला’मध्ये शब्द परका वाटला तरी चाल घरची होती. या दोन उदाहरणांची तुलना तुम्ही अवश्य करून पाहावी.

५. पात्र कशातून उभे राहते?

१८९६ साली ‘क्षीरेर पुतुल’ म्हणजे खव्याचा बाहुला हे पुस्तक आले. या कथेचे मूळ बीज रवींद्रनाथांच्या पत्नी मृणालिनी देवी यांनी टिपून ठेवलेल्या लोककथांमध्ये होते. एका राजाच्या दोन राण्या, एक आवडती आणि एक नावडती. ही जोडी मराठी कहाण्यांच्या वाचकाला नवी नाही. परदेशी निघालेला राजा दोघींना काय आणू म्हणून विचारतो. आवडती दागिने आणि भारी साडी मागते. नावडतीला राजा सुखरूप परत येण्याखेरीज काही नको असते. फारच आग्रह झाल्यावर ती एक काळतोंड्या माकड मागते. पुढे तेच माकड तिचा पाठीराखा बनते.

एक लोभी आहे आणि दुसरी सोशीक आहे, असे शेरे मारण्याची येथे गरज उरत नाही. प्रत्येकीने काय मागितले, एवढ्यावरून दोन स्वभाव वेगळे होतात. चित्रकाराला ‘लोभ’ ही भाववाचक संज्ञा रंगवता येत नाही. त्याला दागिना आणि त्याकडे जाणारा हात रंगवावा लागतो. ही सवय अवनींद्रनाथांनी लेखनात आणली. ‘राजकाहिनी’ (१९०९) या राजपुतांच्या इतिहासावर आधारित कथांमध्येही त्यांचा भर दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या गोष्टींवर आहे.

चित्र मात्र एकच क्षण पकडते. कथेला एका क्षणातून दुसऱ्या क्षणात जावे लागते. हा पूल अवनींद्रनाथांनी मौखिक परंपरेतून घेतला. पुनरावृत्ती, बडबडगीतांची लय, ऐकणाऱ्याला मध्येच दिलेली हाक ही साधने त्यांना लहानपणी ऐकलेल्या गोष्टींनी दिली होती. दृश्य डोळ्याने दिले आणि गती कानाने दिली, असे त्यांच्या कथनशैलीचे वर्णन करता येईल.

६. दुःख, चित्र आणि भाव

१८९६ साली मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात हाहाकार माजवणारा प्लेग १८९८ साली कोलकात्यात पोहोचला. या साथीत अवनींद्रनाथांची लहान मुलगी दगावली. त्या काळात ई. बी. हॅवेल हे सरकारी कलाशाळेचे प्रमुख होते. त्यांनी अवनींद्रनाथांना मुघल लघुचित्रांचा बारकाईने अभ्यास करायला लावले. त्या चित्रांतील कारागिरीने अवनींद्रनाथ थक्क झाले. तरीही त्यांत भावाची उणीव आहे आणि ती आपण भरून काढली पाहिजे, असे त्यांना वाटले.

१९०२ मध्ये त्यांनी ‘शहाजहानचे अखेरचे क्षण’ हे चित्र रंगवले. अंथरुणावर पडलेल्या बादशहाची नजर दूरच्या ताजमहालाकडे लागली आहे. पायाशी मुलगी जहानआरा बसली आहे. हे चित्र आकाराने लहान आहे आणि त्यात कोणतीही घटना घडत नाही. मुलीच्या मृत्यूचे दुःख आपण या चित्रात ओतले, असे अवनींद्रनाथांनी पुढे सांगितले. लेखनाच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट टिपावी. त्यांनी स्वतःचे दुःख थेट सांगितले नाही. बाप गमावणाऱ्या मुलीच्या आणि सर्वस्व गमावलेल्या वृद्धाच्या रूपात ते दुसऱ्याचे करून मांडले. अनुभवाचे पात्रात रूपांतर होते ते असे.

प्राचीन भारतीय परंपरेतील चित्राच्या सहा अंगांवर त्यांनी स्वतंत्र विवेचन केले : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यांतील रूपभेद, प्रमाण आणि भाव ही अंगे पात्रलेखनालाही लागू पडतात. एक पात्र दुसऱ्याहून वेगळे दिसावे, त्याला कथेत योग्य तेवढीच जागा मिळावी आणि त्याच्या कृतीतून अंतःकरण प्रकट व्हावे.

७. उत्तरायुष्य

१९०५ ते १९१५ या काळात अवनींद्रनाथ सरकारी कलाशाळेचे उपप्राचार्य होते. नंदलाल बोस हे त्यांचे शिष्य. १९२१ ते १९२९ या काळात कोलकाता विद्यापीठातील बागेश्वरी प्राध्यापक या नात्याने त्यांनी कलेवर व्याख्याने दिली. कथालेखन या साऱ्या काळात चालूच होते. सेल्मा लागरलोफ या स्वीडिश लेखिकेच्या कादंबरीवरून स्फुरलेल्या ‘बुडो आंगला’मध्ये रिदय नावाचा व्रात्य मुलगा गणपतीच्या शापाने अंगठ्याएवढा होतो आणि हंसांबरोबर आकाशमार्गे प्रवास करतो. उंचावरून दिसणारा बंगाल दाखवण्याची चित्रकाराची हौस या पुस्तकात पुरेपूर भागली आहे.

१९३० मधील ‘अरेबियन नाइट्स’ चित्रमालिकेनंतर बराच काळ त्यांनी चित्रे फारशी काढली नाहीत. त्या वर्षांत त्यांनी जात्रेच्या धर्तीवरील नाटुकली लिहिली आणि वाळक्या लाकडांतून, मुळ्यांतून आकृती शोधल्या. अखेरीस रानी चंद यांनी त्यांच्या तोंडून आठवणी ऐकून टिपून घेतल्या. त्यांतून ‘घरोया’ (१९४१) आणि ‘जोडासांकोर धारे’ (१९४४) ही पुस्तके सिद्ध झाली. ‘घरोया’चे हस्तलिखित आजारी रवींद्रनाथांनी वाचले आणि ते संतुष्ट झाले. ७ ऑगस्ट १९४१ रोजी, अवनींद्रनाथांच्या सत्तराव्या वाढदिवशी, रवींद्रनाथांचे निधन झाले. जोडासांको येथील राहते घरही त्याच वर्षी सोडावे लागले. ५ डिसेंबर १९५१ रोजी अवनींद्रनाथांचे निधन झाले.

८. समारोप

जसे बोलतोस तसे लिही, या सूचनेने सुरू झालेला हा लेखनप्रवास, लेखकाने केवळ बोलावे आणि ते पुस्तक व्हावे, येथपर्यंत पोहोचला. दुसऱ्या कलेचे किंवा व्यवसायाचे शिक्षण लेखनाच्या आड येत नाही, हे या चरित्रातून तुमच्या लक्षात आले असेल. तुमच्या कामाने तुमच्या डोळ्याला आणि कानाला जे वळण लावले आहे, ते तुमच्या लेखनाचेही वळण होऊ शकते. त्यासाठी उसनी चाल मात्र सोडावी लागते.

स्वयं-अध्ययनासाठी

१. राधेचे चित्र आणि ‘शकुंतला’ची भाषा यांच्या आधारे ‘उसनी चाल’ ही कल्पना स्पष्ट करा.

२. तुमच्या परिचयातील एका व्यक्तीचे सुमारे १५० शब्दांत व्यक्तिचित्र लिहा. त्यात स्वभावदर्शक विशेषण वापरू नका. त्या व्यक्तीची वस्तू, कृती आणि मागणी यांतून स्वभाव प्रकट होऊ द्या. लिहिलेला मजकूर कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा आणि जेथे जीभ अडखळेल तेथे वाक्य बदला.