बंदूक न उचललेला कॅप्टन

युद्धभूमीवरील शौर्यासाठी अमेरिकेत दिले जाणारे सर्वोच्च पदक म्हणजे 'मेडल ऑफ ऑनर'. ११ एप्रिल २०१३ रोजी ते एका दिवंगत कॅप्टनच्या पुतण्याकडे सुपूर्द करण्यात आले. या कॅप्टनच्या हाती कधी बंदूक नव्हती. ते कॅथलिक धर्मगुरू होते, फादर एमिल कापॉन.

फादरांचा जन्म २० एप्रिल १९१६ रोजी कॅन्सस राज्यातील पिल्सन या खेड्याजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. १९४० मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १९४४ मध्ये ते चॅप्लेन, म्हणजे सैनिकांचे धर्मगुरू झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते ब्रह्मदेश आणि आपल्या भारतातही सेवेला होते. जुलै १९५० मध्ये ते कोरियाच्या युद्धात उतरले. तेथे जीपचे बॉनेट हीच त्यांची वेदी असे.

१ नोव्हेंबर १९५० च्या रात्री उन्सान येथे चिनी फौजांनी त्यांच्या बटालियनला घेरले. ज्यांना शक्य होते त्यांना निघून जाण्याचा हुकूम झाला. फादर गेले नाहीत. जखमींना सोडून कसे जायचे? गोळीबारातून ते एकेकाला ओढून आणीत राहिले. जखमींमध्ये एक चिनी अधिकारी होता. त्याच्यामार्फत फादरांनी बोलणी केली आणि शरण आलेल्यांचे प्राण वाचविले. तेवढ्यात त्यांना दिसले, की सार्जंट हर्बर्ट मिलर घोटा मोडून खंदकात पडला आहे आणि एका चिनी सैनिकाने त्याच्या डोक्यावर बंदूक रोखली आहे. फादर चालत गेले, बंदूक बाजूला सारली आणि मिलरला उचलून घेतले. तो सैनिक पाहतच राहिला!

पदकाच्या मानपत्रात नोंद आहे ती या दोन दिवसांची. सुटून आलेले कैदी मात्र त्यापुढच्या सात महिन्यांविषयी अधिक सांगत. यालू नदीकाठच्या प्योकटोंग छावणीत थंडीने आणि उपासमारीने माणसे रोज मरत होती. फादर छपराच्या पत्र्याची भांडी ठोकून त्यात पाणी उकळीत, आजाऱ्यांचे कपडे धूत, त्यांच्या अंगावरच्या उवा वेचीत. क्रूसावर प्रभूशेजारी असलेल्या भल्या चोराचा, संत दिसमासचा, धावा करून ते पहारेकऱ्यांच्या कोठारातून धान्य चोरून आणीत! असे चोरलेले धान्य प्रोटेस्टंट, ज्यू, नास्तिक सगळेच खात. २५ मार्च १९५१ रोजी, पुनरुत्थान रविवारी, पहारेकऱ्यांच्या देखत त्यांनी उघड्यावर प्रार्थना घेतली. पुढे ते आजारी पडले, आणि २३ मे रोजी छावणीतील ज्या घरात मरणोन्मुख कैद्यांना टाकून देत, तेथे त्यांनी प्राण सोडला. वय अवघे ३५.

त्यानंतर छावणीत आलेल्या जेराल्ड फिंक या ज्यू वैमानिकाने त्यांना पाहिलेही नव्हते. इतरांकडून ऐकून त्याने जळाऊ लाकडातून क्रूसावरचा ख्रिस्त कोरला. १९५३ मध्ये सुटका झाली तेव्हा कैद्यांनी तो क्रूस बरोबर बाहेर आणला. मोठ्या पदकासाठी याच सोबत्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. ते मिळाले तेव्हा वृद्ध हर्बर्ट मिलर व्हाइट हाऊसमध्ये हजर होता.

फादरांचे अवशेष हवाईमध्ये अनोळखी सैनिकांबरोबर पुरलेले होते. मार्च २०२१ मध्ये त्यांची ओळख पटली आणि सप्टेंबरमध्ये विचिटाच्या कॅथेड्रलमध्ये त्यांना विसावा मिळाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'पूजनीय' घोषित करण्यास मान्यता दिली.