गढूळ पाणी निवळ करणारे इंजिनिअर



पावसाळ्यात आपली इंद्रायणी दुधाच्या चहासारखी दिसते, हे आपण दरवर्षी बघतो. कुरवंड्याच्या डोंगरापासूनची माती तिच्यात वाहून येते. पाण्याला जोर असला की ते दगडगोटेसुद्धा ढकलत नेते. जोर कमी झाला की आधी दगडगोटे, मग वाळू खाली बसते. बारीक गाळ मात्र भीमेतून, कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराकडे जातो. समुद्रातही लाटा आणि प्रवाह तळाची वाळू अशीच हलवत राहतात.

पाण्याचा हा स्वभाव ओळखणारे थोर इंजिनिअर म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या गावी झाला. वडील लवकर वारले. घरची गरिबी होती. शिकवण्या करून ते शिकले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले आणि १८८३ साली परीक्षेत पहिले आले. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले.

सिंधमधील सक्कर शहराला पाणी पुरवण्याचे काम त्यांच्याकडे आले. सिंधू नदीचे पाणी फार गढूळ. गाळण्याचे हौद बांधायला नगरपालिकेकडे पैसे नव्हते. मग त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणायची युक्ती काढली. वाळूतून झिरपून विहिरीत स्वच्छ पाणी यायचे. ते बोगद्याने काठावरच्या पंपाकडे नेले. १८९५ साली हे काम पुरे झाले.

हे वाचले आणि मला माझी आजी आठवली. लहानपणी ती नदीच्या वाळूत हाताने झरा उकरायची आणि वाटीवाटीने हंडा भरायची. आजी शाळेत गेली नाही, पण युक्ती तीच! आता आमच्या काठाची वाळू लोकांनी उपसून नेलीय. खाली नुसता खडक उघडा पडलाय. तिथे झरा लागत नाही.

१९०३ साली विश्वेश्वरय्यांनी आपल्या पुण्याजवळ खडकवासला धरणाला आपोआप उघडणारी दारे बसवली. त्यामुळे भिंत न वाढवता जास्त पाणी साठू लागले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. १४ एप्रिल १९६२ रोजी, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून ते वारले. १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन पाळतो तो त्यांच्यासाठीच.

मित्रांनो, घरच्यांना बरोबर घेऊन नदीचे गढूळ पाणी बरणीत भरून आणा आणि ठेवून बघा. आधी काय बसते, मागून काय बसते, ते वहीत लिहा. आणि पालकहो, नदीची वाळू नदीतच राहू द्या.