इंका गार्सिलासो

इंका लोकांना लिपी नव्हती. हिशेब दोऱ्यांच्या गाठींत, म्हणजे ‘किपू’त ठेवीत; इतिहास म्हाताऱ्यांच्या तोंडी असे. तो कागदावर उतरवणारा गार्सिलासो मला फार जवळचा वाटतो.

स्पॅनिशांनी इंकांची राजधानी कुस्को घेतल्यावर सहा वर्षांनी, १५३९ साली, तेथेच त्याचा जन्म झाला. वडील स्पॅनिश सरदार, आई चिम्पू ओक्लो इंका राजघराण्यातील. वडिलांनी तिच्याशी लग्न केले नाही. पुढे एका स्पॅनिश स्त्रीशी केले. आईकडची वडीलधारी मंडळी जमली की गेलेल्या राज्याच्या आठवणींनी रडत. मुलगा ऐकत बसे.

१५६० साली तो स्पेनला गेला, तो परतलाच नाही. वडिलांच्या सेवेचा मोबदला त्याने दरबारात मागितला, नकार मिळाला. काही काळ सैन्यात काढून त्याने लेखणी धरली आणि नावाआधी अभिमानाने ‘इंका’ लावले. १६०९ मध्ये लिस्बन येथे त्याचा इंकांचा इतिहास छापला गेला. १६१६ मध्ये कॉर्दोबात तो वारला.

आईच्या कुळाविषयी लिहिताना त्याने पक्षपात केला. इंका नरबळी देत नव्हते असे तो सांगतो. पण अँडीजच्या शिखरांवर बळी दिलेल्या मुलांचे देह सापडले आहेत. तरीही तुपाक अमारूचे बंड मोडल्यावर, १७८२ साली, स्पेनच्या राजाला या पुस्तकावर बंदी घालावी लागली.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आजीला लिहिता येत नाही. पण सांगण्यासारखे तिच्याजवळ पुष्कळ आहे. ते लिहून ठेवण्याचे काम आता माझेच, आणि तेही पक्षपात न करता.