पोथी वाचणारा मुलगा

१६ ऑक्टोबर आला की आपल्या चंद्रपुरातील दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते माणसांनी फुलून जातात. १९५६ साली याच तारखेला, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले आणि त्यांनी येथील जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. गावाला तेव्हा चांदा म्हणत. जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि आजचा गडचिरोली जिल्हा त्याच्याच पोटात होता. हा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. पण बाबासाहेबांच्या चरित्रातील एक लहानशी हकीकत त्या मानाने कमी सांगितली जाते. ती एका शाळकरी मुलाची आहे, म्हणून ती या अंकात सांगावीशी वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे वडील सुभेदार रामजी हे कबीरपंथी. घरात शिस्त लष्करी आणि वातावरण भक्तीचे. मूर्तिपूजेवर रामजींचा विश्वास नव्हता, तरी मुलांसाठी म्हणून ते गणपती बसवीत आणि नेमकी हीच गोष्ट मुलाला आवडत नसे. त्याहून मोठा जाच रात्रीचा होता. झोपण्यापूर्वी भीमराव आणि त्यांचे वडील बंधू यांनी रामायण-महाभारताचा काही भाग मोठ्याने वाचायचा, आणि बहिणींनी व घरी जमलेल्या मंडळींनी तो ऐकायचा, असा नियम होता. तो एकदोन दिवस नव्हे, कित्येक वर्षे चालला.

पुढे भीमराव इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाले. आज यात कोणाला विशेष वाटणार नाही, पण त्या समाजात ते अप्रूप होते. सत्कारसभा भरली. अध्यक्ष कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले. ते वाचून त्याने वडिलांना सरळ विचारले की हे साहित्य आम्हांला आधी का दिले नाही, आणि ज्या ग्रंथांत आपल्यासारख्यांची हेटाळणी आहे ते आमच्याकडून का वाचून घेता? रामजींना आधी हा प्रश्न आवडला नाही, मुलाने तो पुन्हा विचारला तेव्हा त्यांनी उत्तर दिले. आपण अस्पृश्य म्हणून तुमच्या मनात न्यूनगंड येईल, द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून कसे चढले ते पाहा, वाल्मीकी तर कोळी होता, असे त्यांनी समजावले. मुलाला त्यातले बळ कळले, पण समाधान झाले नाही.

मला या प्रसंगात दोघेही मोठे वाटतात. बापाची सक्ती द्वेषाची नव्हती, मायेची होती. पण माया असली तरी ती सक्तीच होती.

शाळेत निराळाच प्रकार होता. साताऱ्याच्या सरकारी शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसायचे, आणि शिपाई असेल तरच पाणी मिळायचे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकायची इच्छा असून फारसी घ्यावी लागली. धर्माच्या नावाने मुलाला जबरीने आत ओढता येते, तसे बाहेरही ठेवता येते. या दोन्ही गोष्टी त्यांनी वयाच्या सोळाव्या वर्षाआधी भोगल्या होत्या.

कोलंबिया, लंडन, महाड, येवला हे टप्पे सर्वज्ञात आहेत. आपण थेट १९४७ सालाकडे येऊ. संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी त्यांनी राज्ये आणि अल्पसंख्याक हे निवेदन लिहिले. कोणावरही धार्मिक शिक्षण घेण्याची अथवा धार्मिक कृत्य करण्याची सक्ती होऊ नये, असे कलम त्यात होते. ही अट राखूनच सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांचे धार्मिक शिक्षण ठरवण्याचा अधिकार त्यांनी पालकांना दिला. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या विषयावर चर्चा झाली, तेव्हा सर्वांच्या करावर चालणाऱ्या शाळेत अनेक धर्मांपैकी कोणाचे शिक्षण द्यायचे, आणि प्रत्येक धर्म आपणच खरा म्हणत असताना शाळेत शांतता कशी नांदायची, असा त्यांचा रोख होता. बाबासाहेब धर्म नाकारणारे नव्हते. माणसाला धर्म हवा असे मानणारा माणूस हे मांडत होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

त्यातून आज आपल्यासमोर असलेले कलम २८ आले. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतही विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय त्याला उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. संमती पालकाची! म्हणजे हे कलम मुलाला गुरुजींपासून वाचवते, रामजींपासून नाही. ही उणीव म्हणावी की संसाराची रीत, यावर आमच्या वर्गात दोन तास वाद झाला आणि तो मिटला नाही.

न्यायालयांनी पुढे हा धागा उचलला. केरळातील तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण आपल्या पंथाच्या श्रद्धेमुळे ते गात नसत. त्यांना शाळेतून काढले ते चूक होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ठरवले. नाशिककडील एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली त्याच्या बाजूने कौल दिला.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. भामरागड-एटापल्लीकडच्या गोंड-माडिया घरातले पोर पेन मानणाऱ्या घरातून शाळेत येते. दीक्षा घेतलेल्या घरातले मूल शारदेच्या तसबिरीपुढे उभे केले जाते. आणि ज्या घरात काहीच मानत नाहीत त्या घरातले मूल तर कोणाच्याच हिशेबात नसते. माझ्या शाळेत दसऱ्याच्या पूजेला एका मुलाने हात बांधून ठेवले होते. त्याला छडी मिळाली नाही. फक्त प्रसाद वाटताना त्याला वगळले, आणि आम्ही सारे आपापला पेढा खात त्याच्याकडे पाहत राहिलो. मीही. जयंतीच्या सभेत वंदनेला उभे न राहणाऱ्याकडेही आम्ही असेच पाहिले असते की काय, हे मला सांगता येत नाही.

चांद्याच्या दीक्षेनंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेब गेले. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. रात्री पोथी वाचणाऱ्या आणि बापाला प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाची हकीकत त्यांनी या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवली होती. पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना छापली गेली नाही.