अभंगाला चर्चमध्ये नेणारे कवी : रेव्हरंड टिळकांची गोष्ट

लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी कार्ल्याच्या परिसरातून वाहत पुढे देहूला जाते. देहू म्हणजे तुकोबांचं गाव. या नदीकाठी घडलेला अभंग वारीत आणि कीर्तनात ऐकू येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण अभंग मराठी चर्चमध्येही गायले जातात, हे अनेकांना माहीत नसतं. ते तिथे रुजवण्यात मोठा वाटा होता नारायण वामन टिळकांचा.

शाळेच्या पुस्तकातून ते 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखीचे असतात. लोकमान्य टिळक वेगळे, हे वेगळे.

कोकणातून नगरपर्यंत

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचं. आई लहानपणीच गेली. मुलगा नाशिकला आला आणि संस्कृत शिकला. १८८० मध्ये लग्न झालं. बायको लक्ष्मीबाई, म्हणजे पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

टिळक एका जागी टिकणारे नव्हते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत त्यांची एका प्रवाशाशी गाठ पडली. गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या. उतरताना त्या माणसाने टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी याचा अर्थ जात गेली, नातेवाईक गेले, घर तुटलं असा होता. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन जवळपास पाच वर्षं वेगळ्या राहिल्या. १९०० मध्ये त्यांनीही स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तोवर टिळक अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले होते. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

भाषा मराठी, चाल इंग्रजी

चर्चमध्ये टिळकांना एक अडचण दिसली. उपासनेत गायली जाणारी बरीच गीतं इंग्रजी गीतांची भाषांतरं होती आणि चालीही तिकडच्याच.

यात नेमकं बिघडतं कुठे? इंग्रजी पद्य शब्दावरच्या आघातावर चालतं. मराठी पद्य चालतं अक्षरांच्या संख्येवर किंवा मात्रांवर. इंग्रजी चालीत मराठी शब्द बसवले की ऱ्हस्व अक्षर नको तिथे ताणलं जातं, शब्द मधेच तुटतो आणि ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही. नगरच्या खेड्यातला शेतकरी किंवा मजूर असं गाणं पाठ करणार तरी कसं?

अभंगाचं तसं नाही. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. यमक साधारणपणे दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. ज्याला वाचता येत नाही त्याच्याही तोंडी तो बसतो. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी टाळ वाजवत धृपद उचलायचं, की देवळाबाहेर बसलेला माणूससुद्धा गाण्यात सामील होतो.

लूथरलाही हाच प्रश्न पडला होता

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात हा प्रश्न नवा नव्हता. सोळाव्या शतकात जर्मनीत मार्टिन लूथर याच पेचात होते. उपासना लॅटिनमध्ये चाले. लोक बहुतेक वेळ नुसते ऐकत. १५२४ मध्ये लूथरपंथीयांची पहिली जर्मन गीतपुस्तकं छापली गेली. नुसते शब्द जर्मन करून लॅटिन चाल तशीच ठेवणं लूथरना पटत नव्हतं. शब्द, सूर, आघात सगळं मातृभाषेतूनच यायला हवं, असं त्यांचं मत होतं.

त्यांनी 'लिटनी' नावाची जुनी प्रार्थनाही बदलून घेतली. लिटनीत पुढचा एकेक मागणं मांडतो आणि मंडळी दर वेळी ठरलेलं उत्तर देते. गोव्यातली 'लादाईन' याच शब्दातून आली. १५२९ मध्ये तुर्की आक्रमणाची भीती असताना लूथरनी ही प्रार्थना जर्मनमध्ये आणली. संतांना केलेला धावा काढला, पण एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं ही रीत ठेवली. कारण त्या रीतीत लोक बोलते होत होते.

नगरचं मिशन लूथरपंथीय नव्हतं. टिळकांसमोरचा प्रश्न मात्र तोच होता. आणि मराठी माणसाकडे उत्तर देणाऱ्या मंडळींची रीत भजनाच्या रूपाने आधीपासूनच होती.

टिळकांनी काय केलं?

सुरुवात त्यांनी केली असं नाही. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी त्यांच्या आधीच मराठी ख्रिस्ती गीतं रचली होती, ख्रिस्ती कीर्तनंही होत होती. टिळकांकडे मात्र मोठ्या कवीची प्रतिभा होती. त्यांनी अभंग, पदं आणि भजनं भरभरून लिहिली. त्यांच्या गीतांतला देव वारकऱ्यांच्या विठाईसारखा आई होऊन येतो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची भावना होती.

१९०९ मध्ये त्यांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य हाती घेतलं. १९१२ पासून ते 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादक होते.

हे सगळ्यांना रुचण्यासारखं नव्हतं. जुनी चाल आली की तिच्या मागून जुना धर्मही येईल, ही शंका होतीच. दुसरी बाजू आणखी अवघड होती. नगरकडच्या खेड्यांत ख्रिस्ती झालेल्यांत मोठी संख्या अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या लोकांची होती. ज्या देवळाने त्यांना पायरीशीच थांबवलं, त्या देवळातला टाळ त्यांना आपला वाटेल का? पण चोखोबांचे अभंगही त्याच पायरीवर जन्मले होते. त्या गाण्यावर देवळाइतकाच, किंबहुना जास्त, बाहेर उभ्या असलेल्यांचाही हक्क होता.

पगार सोडला

चाल बदलणं हा एका मोठ्या प्रश्नाचा भाग होता. ख्रिस्ती व्हायचं म्हणजे साहेब व्हायचं का? टिळकांचं उत्तर ठाम नाही असं होतं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत अशी कल्पना होती. पन्नाशी उलटलेल्या माणसाने ठरलेलं उत्पन्न सोडणं सोपं नव्हतं. त्याची झळ लक्ष्मीबाईंनाही बसली.

या प्रयोगाला फार वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेनुसार देहाचं दफन न करता दहन करण्यात आलं.

'ख्रिस्तायन'चे दहा-अकरा अध्यायच लिहून झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेत न गेलेल्या आणि नवऱ्याच्या धर्मांतराने एकेकाळी कोलमडून गेलेल्या बाईंनी ते काम पुरं केलं.

आज काय उरलं?

मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये वापरलं जाणारं गीतांचं पुस्तक म्हणजे 'उपासना संगीत'. त्यात टिळकांच्या गीतांचा वाटा मोठा आहे.

आता अनेक चर्चमध्ये गिटार, कीबोर्ड आणि पडद्यावर दिसणारे शब्द आले आहेत. नवी गाणी इंग्रजी-हिंदीतून भाषांतरित होऊन येतात. म्हणजे टिळकांसमोर होता तोच प्रश्न पुन्हा उभा आहे. गाणं नवं असो की जुनं, ते मंडळींच्या तोंडी बसतं का, एवढंच टिळकांना पाहायचं होतं. ती कसोटी आजही लागू पडते.