तळ्यांचं विज्ञान शिकवणारे हचिन्सन कोण होते?
इंग्लंडमध्ये १९०३ साली जन्मलेले जी. इव्हलिन हचिन्सन दक्षिण आफ्रिकेत व्याख्याते झाले, पण तिथे त्यांचं शिकवणंच बंद केलं गेलं. मग त्यांनी केपटाऊनजवळची तळी अभ्यासली. १९२८ मध्ये ते अमेरिकेतल्या येल विद्यापीठात गेले. पीएचडी नसतानाही त्यांनी तिथे चार दशकं शिकवलं. १९३२ मध्ये ते लडाखच्या सरोवरांवर संशोधनासाठी आले होते.

त्यांच्याकडे आलेल्या रेमंड लिंडमन या तरुणाने तळ्यातली ऊर्जा शेवाळापासून माशांपर्यंत कशी पोहोचते, हे मांडलं. तज्ज्ञांनी तो लेख नाकारला. हचिन्सन यांनी संपादकांना पत्र लिहून त्याची बाजू घेतली. १९४२ मध्ये लेख छापून आला, पण त्याआधीच लिंडमन वारले होते. आज अन्नसाखळीतल्या ऊर्जेचा धडा शिकवला जातो, त्यामागे हा लेख आहे. हचिन्सन यांचं १९९१ मध्ये निधन झालं.